हरिबांची हाक

हरिबा सांगोल्याकडचे मेंढपाळ. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आले, की सोफा सोडून खाली घोंगडी अंथरून बसतात. त्यांची लेक सुकन्या माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती बंगळूरच्या एका कॅथलिक विद्यापीठात शिकते. देशोदेशीच्या अशा काही विद्यापीठांनी मिळून एका प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या, त्यात सुकन्येला पेरू देशातली मार्लेनी मिळाली. दोघींनी विषय निवडला तो घरचाच, मेंढ्यांची लोकर. आणि आता सहा महिने मार्लेनीच्या विद्यापीठात शिकायला सुकन्येची निवड झाली होती! अडलं होतं हरिबांच्या होकारावर, आणि तो त्याच संध्याकाळी कळवायचा होता.

"तितं आपलं कोण हाय?" हरिबा पुन्हा पुन्हा तेच विचारत. "आजारी पडली, तर कुनाच्या दारात जायाचं?"

सुकन्या सुट्टीला घरी आली होती. त्यांच्या वाडीवर नेट टिकत नाही, म्हणून दोघींचं त्या संध्याकाळचं सादरीकरण माझ्या लॅपटॉपवर ठरलं. बंगळूरहून तिला शिकवणारे फादर ऐकत होते. पेरूत तेव्हा सकाळ. मार्लेनी फोन घेऊन थेट डोंगरावर, आजीच्या मेंढरांत उभी! हरिबा सरकत सरकत लॅपटॉपपाशी आले.

"बाई, कानं बगा की! आपल्यावानीच!"

तेवढ्यात दोन-तीन मेंढरं शेजारच्या बटाट्याच्या रानात शिरली. आजीची तिकडं पाठ होती. हरिबांना कुठलं राहवतंय! तोंडाशी हात नेऊन ते ओरडले, "हेऽऽ हुर्रर्र!"

माझ्या कपबश्या हादरल्या.

"आबा, अवो मीटिंग चाललीय!" सुकन्या लाजून लाल.

पण तिकडं फोनमधून हाक अशी काही फुटली, की मेंढरांनी माना वर केल्या आणि ती गुमान माघारी वळली! फादर डोळे पुसत हसत होते.

कोण ओरडलं ते बघायला आजी फोनजवळ आली. हरिबांना बघून हसली आणि तिनं अंगावरची शाल जराशी उघडली. आत नुकतं जन्मलेलं कोकरू होतं.

थंडीत हरिबाही कोकरू असंच घोंगडीत, पोटाशी धरून हिंडतात.

"सुके, मैतरणीला सांग," ते म्हणाले, "आजीला म्हनावं, आमची पोर येतीया."

सुकन्येनं किंचाळूनच मला मिठी मारली. हरिबांची नजर मात्र अजून त्या डोंगरावरच होती.

"आन् त्या पांढरीवर ध्यान ठेव म्हनावं. लई वढाळ हाय, पुन्यांदा रानात शिरनार ती!"