फरशीवर थांबलेली माणसं

"बसा. पानी काय आपल्या घाईनं उतरत न्हाय."

असं म्हणत ते खांद्यावरच्या पंच्यानं एक दगड झटकायचे. दगड स्वच्छच असायचा, कारण तासाभरापूर्वी त्यांनीच तो धुतलेला असायचा. तरी झटकायचे. साठ सालाच्या आसपास, भर पावसाळ्यात, उस्मानाबादहून तेरला तुम्ही मोटारीनं गेला असाल तर तुम्हीही त्या दगडावर बसला असाल.

तेव्हा वाटेतल्या नदीवर उंच पूल नव्हता. पात्रातच दगडी फरशी बांधलेली होती. एरवी तिच्यावरून मोटार जाई, पुरात पाणी जाई. मामा, म्हणजे सगळे त्यांना मामाच म्हणत, रस्त्याच्या त्या तुकड्यावरचे मैल कामगार होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, आणि फरशीवर पाणी आलं की रस्त्यात आडवा बांबू टाकून मोटारी थांबवायच्या. पाणी कधी चढलं, कधी उतरलं, बांबू कधी काढला, एवढं वहीत मांडायचं. ती वही महिनाअखेरीला माझ्या टेबलावर येई. मी बांधकाम खात्याच्या दफ्तरात कारकून होतो. जुनी माणसं आमच्या खात्याला अजून तामीरातच म्हणत. मामा तर निजामाच्या अमलातच नोकरीला लागलेले.

मला याद्या करायची सवय पहिल्यापासून. एका श्रावणात मी त्या वहीतल्या वेळा एका कागदावर उतरवल्या आणि माझ्या लक्षात आलं की हिशेब जुळत नाही. पाणी उतरलं दोन वाजता, बांबू निघाला सव्वातीनला. पाणी उतरलं अकराला, बांबू साडेबाराला. एकदाही दोन्ही वेळा जवळ आल्या नव्हत्या. गंमत म्हणजे मामांनी दोन्ही वेळा प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या.

मी न कळवता गेलो. आमची मोटार फरशीच्या अलीकडं थांबली तेव्हा पुढं आधीच एक मोटार आणि दोन बैलगाड्या उभ्या होत्या. बाभळीखाली माणसं बसली होती. एक धनगर मांडीवर कोकरू घेऊन, तुळजापूरचे एक पुजारी पंचांग मांडीवर ठेवून. कुणाच्या तरी फडक्यातल्या शेंगा मधोमध ओतलेल्या. तीन दगडांच्या चुलीवर मामांचा चहा उकळत होता.

एक शेतकरी तेवढा उभ्यानं येरझारा घालत होता. "मामा, सोडा की आता. तलाठी निघून जाईल माझा."

"तलाठी कुठं जातोय? परतीच्या मोटारीत त्योच असंल. म्या थांबवतो की त्याला बी."

सगळे हसले. शेतकरीही हसला आणि बसला. मामांनी त्याच्यासाठी दगड झटकला.

मी काठावर जाऊन पाहिलं. फुटांच्या खुणा रंगवलेल्या दगडी खांबाचा पायथा कोरडा व्हायला लागला होता. फरशी उघडी पडली होती. तिच्यावरचा गाळही मामांनी खराट्यानं लोटून काढला होता. मी त्यांना बाजूला बोलावलं.

"मामा, पाणी तर उतरलंय."

"उतरलंय की. मगाच उतरलं."

"मग बांबू का काढत नाही?"

त्यांनी मागं वळून पाहिलं. बाभळीच्या बुंध्याशी एक नवी नवरी बसली होती, बरोबर सासरा. ती पुजाऱ्यांना आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल काही सांगत होती, हात हलवून हलवून. मामा माझ्या कानाशी आले.

"त्या पोरीचं सांगून हुंद्या, साहेब. पयल्यांदाच नांदाया निघालीय. तिकडं गेल्यावर कोन इचारनार तिला, तुझी हीर किती खोल हाय म्हनून?"

मी घड्याळ पाहिलं. मग खाली बसलो. नवरीची विहीर संपली, चहा संपला, मामांनी बांबू काढला. परत आल्यावर वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'गाळ काढण्यास वेळ लागला.' पुढं चार वर्षं तोच शेरा मी लिहीत गेलो. नोकरीत खोटं लिहिल्याची माझी ही एकच नोंद.

त्यांना घर म्हणजे फरशीपासून हाकेच्या अंतरावरची झोपडी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. गाव कोसभर दूर. उन्हाळ्यात आणि थंडीत मोटारी धूळ उडवत निघून जात. ड्रायव्हर हात करी, मामा हात करत, संपलं. "आठ म्हैनं म्या माझंच बोलनं ऐकतो, साहेब," ते एकदा म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. खड्ड्यांची लांबी-रुंदी सांगावी तसं सांगितलं होतं.

मग उंच पूल मंजूर झाला.

आमच्या दफ्तरात आनंद होता आणि तो खोटा नव्हता. त्या फरशीपायी अडलेली बाळंतीण मला माहीत होती. पूल हवाच होता. मामांनाही तो आवडावा म्हणून मी भिंतीवरचं एक कॅलेंडर घेऊन गेलो. कुठल्याशा सिमेंट कंपनीचं होतं. दर पानावर जगातला एकेक नामांकित पूल.

मामांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि मग पान धरलं. पहिला हावड्याचा. त्यावर मुंगीला जागा नव्हती.

"ही जत्रा कशाची?"

"जत्रा नाही मामा, रोजचंच आहे."

"रोज?" ते विचारात पडले. "मग कोन कुनाला वळखत असंल?"

दुसरा अमेरिकेतला, समुद्रावर दोरांनी टांगलेला लाल पूल, खाली ढग. आमच्या साहेबांना तो इतका आवडे की ते पान उलटूच देत नसत. मामांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. "देखना हाय," ते म्हणाले. "पर वरल्याची हाक खाली जायची न्हाय."

तिसरा लंडनचा. हा मधोमध दुभंगतो, दोन्ही अर्धे वर उचलले जातात, खालून जहाज जातं, असं मी सांगितलं.

"आन् मोटारी?"

"थांबतात."

मामा सरसावून बसले. "किती येळ?"

मला माहीत नव्हतं. "पाव तास असेल."

"बोलाया पाव तास लई झाला. थांबवाया कोन असतं तिथं? मान्सं असतात का?"

"असेल की कुणीतरी."

"त्याला एक पत्र घाला, साहेब. इचारा, थांबलेली लोकं एकमेकांसंगं बोलतात का, का गपच बसतात."

मी हसलो. पत्र अर्थातच घातलं नाही. पण तोवर मी पूल लांबीनं आणि उंचीनं मोजत आलो होतो, आमचं सगळं दफ्तरच तसं मोजत होतं. या माणसानं तिन्ही पूल वेगळ्याच मापानं मोजले होते, आणि ते माप माझ्या डोक्यातून नंतर गेलं नाही. पुढं एकदा कलकत्त्याला जायचा योग आला. हावड्याच्या पुलावर मी मुद्दाम उभा राहिलो. दहा मिनिटांत सहा जणांचा धक्का लागला. बोललं कुणीच नाही.

लंडनच्या पुलाचं पान मामांनी मागून घेतलं आणि झोपडीत कुडाला खोचलं.

पूल झाला. नारळ फुटला, पेढे वाटले. मी वर गर्दीत होतो. मामा खाली फरशीवर उभे राहून वर बघत होते. मी उतरून गेलो तेव्हा म्हणाले, "झ्याक झालाय. लई उंच झालाय." आणि थोड्या वेळानं, "वरची मान्सं टिकलीयेवढी दिसतात."

फरशीचा रस्ता बंद झाला म्हणजे त्यावरचा मैल कामगार हलवायचा. बदल्यांची यादी मीच करत असे. मी पुष्कळ विचार करून त्यांच्या नावापुढं येरमाळा लिहिलं. हमरस्ता, देवीला येणारी माणसं, हॉटेलं, दिवसभर मोटारी. माणसांना भुकेलेल्या माणसासाठी याहून चांगली जागा जिल्ह्यात नव्हती, असं मला वाटलं. स्वतःवर खूश होऊन मी त्यांना हुकूम नेऊन दिला.

"तिथं रोजचीच वर्दळ आहे मामा. आता आठ महिने गप्प बसायला नको."

त्यांनी हुकूम कपाळाला लावला.

तीन आठवड्यांनी ते दफ्तरात आले, राजीनाम्याचा कागद कुणाकडून तरी लिहून घेऊन. मी चिडलो. पेन्शन इतकी जवळ आलेली, आणि हा वेडेपणा! "काय कमी होतं तिथं? माणसंच माणसं होती ना?"

"व्हती की. लई व्हती." ते उभेच होते. मी खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत. "म्या फावडं घेऊन रस्त्याच्या कडंला, आन् ती आपली चढायच्या नायतर उतरायच्या घाईत. एकाला म्हनलं, बसा की वाईच. तर मला म्हनला, का हो, तुमचं काय काम हाय माझ्याकडं?"

"मग?"

"मग काय? खरंच काय काम व्हतं माझं?"

मी कागद घेतला, त्यावर तारीख घातली आणि पुढं पाठवला. त्या दिवशी आणखी अकरा कागद पुढं पाठवायचे होते. जाताना त्यांनी विचारलं, "तुमी येता का कंदी फरशीकडं?" मी म्हणालो, "येतो की. अधूनमधून येतोच."

गेलो नाही. कामच नव्हतं. पूर मोजायचा नव्हता, वही बंद झाली होती.

पुढल्या पावसाळ्यात तेरला एका पाहणीसाठी जाणं झालं. खिडकीशी जागा मिळाली होती. नदीला पाणी चांगलंच होतं, फरशी बुडालेली. आमची मोटार वेग जराही कमी न करता पुलावर चढली. मी खाली पाहिलं. जुना रस्ता पाण्यात शिरतो तिथं, अगदी कडेला, मामा उभे होते. डोळ्यांवर हात धरून मोटारीच्या खिडक्या एकेक करून पाहत होते, पाहुणा यायचा असला की स्टँडवर माणूस पाहतं तसे.

मी उठून उभा राहिलो. "कंडक्टर, जरा थांबवा."

"कुठं साहेब? हितं?"

"हो, इथंच. मला खाली..."

"पुलावर थांबा न्हाय साहेब," कंडक्टर म्हणाला, आणि एवढ्या बोलण्यात पूल संपला.