जबल अलीची स्टाफ रेल्वे

गुहागरकडचा विष्णू दुबईजवळच्या जबल अलीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. १९९७ साली तो एकदम रेल्वेचा ड्रायव्हर झाला. झालं असं, की ॲडमिन मॅनेजर ॲल्फ्रेडसाहेबांनी कुठल्याशा बंद पडलेल्या बागेतली मुलांची आगगाडी भंगारातून उचलली. पुढे जुन्या जमान्यातल्यासारखं दिसणारं इंजिन, त्यावर खोटं धुरांडं, मागे सहा उघडे डबे. कामगार राहायचे त्या कॅम्पपासून वर्कशॉपपर्यंत दोन किलोमीटर रूळ टाकले, टाइमटेबल चिकटवलं आणि कामगारांची बस खलास केली.

गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू जायची. साहजिकच लोक चालत निघत आणि आधी पोचत. मग साहेबांनी नोटीस काढली: जो पायी येईल त्याचा अर्धा दिवस कापला जाईल. ऐंशी माणसं डोक्यावर ओले टॉवेल घेऊन मुकाट्याने डब्यांत बसू लागली. विष्णूला मात्र टोपी आणि शिट्टी मिळाली होती. पहिले दोन महिने त्याची ऐट काही विचारू नका. टोपीतला फोटो त्याने बायकोला, दर्शनाला, पाठवला. गाडी कुठली ते कळवलं नाही.

ऑगस्टमध्ये दुपारच्या पाळीला जाताना भिवा नावाचा वेल्डर डब्यातच कोसळला. अंग भट्टीसारखं तापलेलं, बडबड सुरू. विष्णूने इंजिनाला फार पिळून पाहिलं, पण ते काही आपली चाल सोडीना. शेवटी त्याने गाडी थांबवली, भिवाला खांद्यावर टाकलं आणि वर्कशॉपच्या दवाखान्यापर्यंत अर्धा किलोमीटर पळाला. भिवा वाचला.

दुसऱ्या दिवशी मेमो आला: ड्यूटीवर असताना दोन स्टेशनांच्या मधे गाडी सोडून जाणे.

"भिवाचं ठीक आहे रे, पण गाडी लेट झाली," साहेब म्हणाले. "रेकॉर्डला काय लिहू?"

"लिहा, ड्रायव्हर गाडीपेक्षा फास्ट होता," विष्णू म्हणाला आणि टोपी टेबलावर ठेवून बाहेर पडला.

दुसऱ्या सकाळी तो चालत निघाला. मागोमाग सगळा कॅम्प. ऐंशी जणांचा अर्धा दिवस कापायचा म्हणजे त्यांना दुपारपर्यंत गैरहजर धरायचं, आणि मग तोवर वर्कशॉपच बंद. नोटीस गुपचूप उतरली आणि आठवड्यात बस आली. प्रोजेक्ट यशस्वीपणे पूर्ण झाल्याचा रिपोर्ट साहेबांनी दुबईच्या ऑफिसला धाडला.

मेमो फाइलमध्ये राहिला आणि त्यापायी विष्णूची गावी जायची सुट्टी चार महिने पुढे गेली. भिवा आधी गावी गेला. दूध पावडरचा डबा आणि चॉकलेटं घेऊन वाट वाकडी करून तो दर्शनाच्या दारात पोचला, आणि तिचा नवरा कसा पळाला ते त्याने तिला सावकाश, पहिल्यापासून सांगितलं.