सोपानराव लोहार आणि चोवीस कानशी

भोसरीच्या सोपानराव लोहारांना वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी लागली, तीही छिन्न्यांना धार लावायची. गावात कुणाला खरं वाटेना. आजूबाजूच्या पाच गावांत त्यांच्यासारखी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा दुसरा माणूस नव्हता. लढाईच्या काळात चार वर्षं त्यांनी देहूरोडच्या डेपोत लष्करी लॉऱ्यांच्या स्प्रिंगांचे तुटलेले पाटे जोडले होते. असा माणूस घरची भट्टी सोडून चिंचवड स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या गोदामात दिवसभर धार लावत बसणार, हे लोकांना पटण्यासारखं नव्हतं. पण सोपानरावांना त्या गोदामात काय चाललंय ते जवळून बघायचं होतं, आणि आत शिरायला तेवढीच वाट मोकळी होती.

साल सत्तावन्न. एका परदेशी मोटार कंपनीला चिंचवडच्या आसपास कारखाना काढायचा होता. जागा बघून झाली होती. रस्ता होता, रेल्वे होती, पवनेचं पाणी होतं. प्रश्न उरला होता तो माणसांचा. इथल्या माणसांना मोटारीचं काम जमेल का? पुण्यात झालेल्या एका बैठकीत कुणी जाणत्या गृहस्थांनी साफ सांगून टाकलं होतं, की नांगर धरणाऱ्या हातांना केसाएवढी मापं कळायची नाहीत, कारागीर मुंबईहूनच आणावे लागतील. कंपनीने मात्र ऐकीव गोष्टीवर न जाता आपला एक साहेब पाठवला. त्याने आसपासच्या गावांतले चोवीस तरुण घ्यायचे, सहा आठवडे शिकवायचं आणि मग खरं काय ते लिहून कळवायचं, असं ठरलं.

साहेब ताडमाड उंच, अबोल आणि वक्तशीर होता. त्याचं बोलणं मराठीत सांगायला अर्जुनराव नावाचे पुण्याचे डिप्लोमा झालेले इंजिनियर होते. तिशीतला सज्जन माणूस, पण साहेबापुढे जरा दबून असे.

शिकवणीची सुरुवात कानशीने झाली. प्रत्येकाला एक कानस आणि लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा मिळाला. तो वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आवळायचा आणि घासून घासून सहाही अंगांनी सपाट, काटकोनात करायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण कानस हातात जरा डुलली की लोखंडाला मधोमध पोट सुटतं. साहेब तुकड्यावर पोलादी पट्टी उभी धरी आणि उजेडाकडे बघे. पट्टीखालून उजेड दिसला की तुकडा बाद.

बारा दिवसांत वीस जणांचे तुकडे रोज बाद होत गेले. फक्त चौघांचे पास होत होते.

सर्वांत वाईट अवस्था दिघीच्या सयाजीची होती. गडी तालमीत घुमलेला, अंगाने गोटीबंद, मनाने सरळ. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या मागून जायचा, आणि तुकडा घासायचा तो असा की त्याला पाट्यावरच्या वरवंट्याचा आकार यायचा. तेराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो गोदामातल्या सोपानरावांच्या धार लावायच्या भट्टीशी येऊन बसला आणि उद्यापासून येणार नाही म्हणाला. त्याची आई छबूबाई विधवा. तिने एकटीने शेत कसून याला इथे धाडलं होतं. तिला काय तोंड दाखवू, एवढंच त्याला पडलं होतं. सोपानरावांनी त्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही, कारण त्यांची स्वतःची अजून खात्री पटली नव्हती.

गेले आठ दिवस त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. अर्जुनरावांचं मत असं होतं, की पास होणारे चौघे शिकलेले असतील. सोपानरावांनी चौकशी केली. चौघांतले दोघे सातवी झालेले, दोघांना सही येत नव्हती. एक माळ्याचा, एक कुंभाराचा, दोघे कुणब्यांचे. एक आळंदीकडचा, बाकीचे तिघे तीन गावांचे. कशाचा कशाला मेळ नव्हता. मग एके दिवशी सगळे ओळीत उभे असताना पाठीमागून बघता बघता त्यांना उमगलं. ते चौघे सर्वांत उंच होते.

टेबलं परदेशातून खोक्यांत भरून आली होती आणि आली तशी मांडली होती. साहेबाच्या देशातल्या माणसांच्या मापाची ती टेबलं, त्यावर बसवलेला वाइस. आपल्याकडची पोरं उभी राहिली की वाइस त्यांच्या कोपराच्याही वर चार बोटं येई. मग खांदे उचलायचे, कोपरं पंखांसारखी पसरायची आणि कानस पाळण्यासारखी डुलायची. जोर जितका जास्त, तितकं डुलणं जास्त, म्हणून बिचाऱ्या सयाजीचं काम सगळ्यांत वाईट.

सोपानरावांनी अर्जुनरावांना बाजूला घेऊन हे सांगितलं. अर्जुनरावांनी नीट ऐकलं, पण नकारार्थी मान हलवली. साहेबाची टेबलं चुकीची आहेत असं साहेबाला कोण सांगणार? आणि सांगणारा कोण, तर धार लावणारा. "सोपानराव, तुम्ही म्हणता ते कदाचित बरोबर असेल," ते म्हणाले, "पण हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

सोपानराव परत आपल्या जागेवर गेले. पुढचे दोन दिवस धार लावलेल्या छिन्न्या पोचवायच्या निमित्ताने ते प्रत्येक टेबलाशी गेले आणि प्रत्येक गड्याच्या कोपराची उंची सुतळीने मापून गाठ मारत राहिले. पोरांना वाटलं, सोपानमिस्त्रींना काही नवस फेडायचा असेल.

शनिवारी घरी जाऊन त्यांनी बायकोला, गोजाबाईला, सगळं सांगितलं. गोजाबाई भट्टीवर नवऱ्याच्या बरोबरीने घण मारणारी बाई होती. पंचवीस वर्षं ऐरणीच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला ती. तिने विचारलं, न विचारता कराल तर साहेब काढून टाकेल का? सोपानराव म्हणाले, टाकेल बहुतेक.

"टाकू द्या की," गोजाबाई म्हणाली. "भट्टी हाय आपली. पर त्या पोरांचं नाव खराब झालं, तर ते समद्या मुलखाचं झालं."

रविवारी सकाळी दोघं मारुतराव सुतारांच्या दारात जाऊन उभे राहिले. मारुतरावांनी बाभळीच्या जुन्या फळ्या काढल्या, रंधा धरला आणि सुतळीवरच्या गाठी बघून वीस बुटके, रुंद पाट ठोकले. कुठला चार बोटांचा, कुठला पाचाचा, कुठला वीतभर. संध्याकाळी पाट गाडीत घालून तिघं चिंचवडला गेले. गोदामाचा राखणदार ओळखीचा होता. त्याने दार उघडून दिलं आणि पाट मांडायलाही हात लावला.

सोमवारी साहेब आला आणि दारातच थांबला. वीस माणसं पाटावर उभी होती. अर्जुनरावांचा चेहरा उतरला. साहेबाने हळू आवाजात काही विचारलं, आणि अर्जुनरावांनी तेवढ्याच हळू आवाजात ते मराठीत सांगितलं. हे कुणी केलं?

सोपानराव भाता सोडून पुढे आले. "म्या केलं," ते म्हणाले. "साहेबास्नी सांगा, पोरांचा हात वाईट न्हाई. टेबल उंच हाय."

अर्जुनरावांनी ते साहेबाला जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या आयुष्यातलं हे एक मोठं धाडसच होतं, असं ते पुढे स्वतःच म्हणत.

साहेब सयाजीजवळ गेला. त्याने सयाजीला पाटावरून खाली उतरवलं आणि त्याची मूठ वळून हनुवटीखाली टेकवली. कोपर वाइसच्या खालीच राहिलं. मग त्याला परत पाटावर चढवलं. मूठ तशीच हनुवटीखाली, आणि आता कोपर वाइसच्या माथ्यावर अलगद टेकलं. साहेब मागे सरला आणि त्याने सयाजीला कानस चालवायची खूण केली. एक हात, दुसरा हात, तिसरा. कानस एका रेषेत जाऊ लागली. आवाजच बदलला.

मग साहेबाने जे सांगितलं ते सोपानराव कधी विसरले नाहीत. तो म्हणाला, "मी चौदा वर्षांचा असताना माझ्या उस्तादाने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. ही टेबलं मला बरोबर बसतात, म्हणून मी ते विसरलो." आणि त्याने सोपानरावांशी हात मिळवला. दुसऱ्या दिवसापासून धार लावायचं काम एका कामगाराकडे गेलं आणि सोपानराव टेबलांच्या रांगेत फिरू लागले.

सगळं एका दिवसात जमलं असं नाही. पाट आले तरी कानस ती कानसच. पण चौथ्या आठवड्यात अकरा तुकडे पास झाले, सहाव्यात एकवीस. केसाएवढी मापं दाखवणाऱ्या मायक्रोमीटरचे आकडे वाचायला अर्जुनरावांनी शिकवलं, आणि सही न येणाऱ्या दोघांनी ते सगळ्यांत आधी उचललं. सयाजीचा शेवटचा तुकडा साहेबाने पट्टीखाली धरला, फिरवला, पुन्हा धरला आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकला.

जाण्याच्या आधी एका सकाळी साहेब भोसरीला आला. त्याला चाकाला धाव चढवताना बघायची होती. सोपानरावांनी लाकडी चाक मापलं, लोखंडी पट्टीचं कडं बोटभर कमी ठेवून जोडलं आणि गोवऱ्यांच्या जाळात ठेवलं. कडं तापून फुगलं, तसं सांडशांनी उचलून चाकावर बसवलं, आणि गोजाबाई घागरीने पाणी सोडत चाकाभोवती फिरली. वाफ उठली, लाकडाचे सांधे करकर वाजून घट्ट बसले. बोटभरच कमी का, असं साहेबाने विचारलं. सोपानराव म्हणाले, याहून आखूड केलं तर आरे मोडतात, याहून सैल ठेवलं तर उन्हाळ्यात धाव निसटते. साहेबाने ते वहीत लिहून घेतलं. पाणी कुठे आधी सोडायचं ते गोजाबाईला कसं कळतं, हेही त्याने विचारलं. ती म्हणाली, आवाजावरनं. तेही त्याने लिहिलं.

त्याचा अहवाल अर्जुनरावांनी पुढे वाचला. त्यात लिहिलं होतं, की माणसं तयार आहेत. तयारी कमी पडली ती शिकवणाऱ्याची.

कारखाना मात्र आला नाही. वर्षभर पत्रव्यवहार चालला, दिल्लीचा परवाना आज येईल, उद्या येईल असं होत राहिलं, आणि शेवटी कंपनीनेच बेत सोडला. बातमी आली त्या दिवशी सोपानरावांना जेवण गेलं नाही. मोटार इथे बनलेली बघायची त्यांची फार इच्छा होती. अर्जुनरावांनी साहेबाला पत्र लिहून पाहिलं. साहेबाचं उलटटपाली उत्तर आलं, की टेबलं आणि हत्यारं परत पाठवू नका, ती तिथेच वापरा.

तसंच झालं. गोदामात कामगारांची शाळा सुरू झाली. अर्जुनराव तिचे प्रमुख आणि सोपानराव उस्ताद. पहिले चोवीसच्या चोवीस जण वर्षाच्या आत कामाला लागले. कुणी देहूरोडच्या डेपोत, कुणी हमरस्त्यावरच्या वर्कशॉपांत, दोघे मुंबईला. मुंबईहून आणायच्या कारागिरांऐवजी इथलेच दोघे तिकडे गेले, हे सोपानराव येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत.

एकोणसाठच्या माघात छबूबाई दिघीहून भोसरीला चालत आली. सयाजी डेपोत पक्का फिटर झाला होता, आणि सोपानराव-गोजाबाईंना ती आपल्या घरी जेवायला बोलवायला आली होती. दोघं दिघीला गेले, तेव्हा पानात पुरणपोळी, कटाची आमटी आणि हरभऱ्याची कोवळी भाजी होती. वाढता वाढता छबूबाईने विचारलं, की ती परदेशातली मोटार कंपनी पुन्हा कधी यायची हाय का?

"यील न यील," सोपानराव म्हणाले. "आपली पोरं कामाला लागली, ते झालं."

गोजाबाईने त्यांच्या पोळीवर आणखी तूप वाढायला सांगितलं. सोपानराव नको म्हणाले नाहीत. जेवण झाल्यावर सयाजीने ओसरीवर घोंगडी अंथरली, आणि दोन्ही घरच्या बायका आत बोलत बसल्या असताना उस्तादांना तिथेच छान झोप लागली.