वीतभर वरून

"हात खाली घे. आणखी खाली. तांब्याला लागलीस तर समदा रस वतून द्यावा लागंल मला."

मालकीणबाय आसं म्हणली आन् तांब्या कलता केला. मी उकिडवी बसलेली. दोन्ही हात जुळवून ओंजळ केलेली. वरून उसाचा रस आला. थोडा तोंडात गेला, थोडा नाकात, बाकीचा कोपरावरनं वघळत चोळीत शिरला. मला ठसका लागला. रस आटवायच्या काहिलीपाशी उभी राह्यलेली गडीमाणसं खदाखदा हसली. "आरं, पोरीची रसानं आंघोळ झाली की!" कुणी तरी म्हणलं. मालकीणबाय बी हसली. तशी मनानं वाईट न्हवती ती बाई. हसत हसत आणखी येक तांब्या वतला. सांजपतुर माझ्या अंगावर माशा बसत हुत्या.

ही गोष्ट मी लई येळा सांगितली हाय. लोकांना आवडती. ऐकून चिडत्यात, मला बरं वाटतं. पर त्याच गुऱ्हाळावरची दुसरी गोष्ट हाय, ती कुणाला ऐकाया नगं आसती. आज ती बी सांगती. त्या गोष्टीत खाली बसलेली मी न्हाय.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या कडंला, निरवांगीपासनं कोसा-दोन कोसावर. बारामतीकडनं पाट आला आन् जिथं नुसती कुसळं उगवायची तिथं ऊस उभा राह्यला. सोराज्य येऊन आठ-नऊ वर्सं झाली हुती. मी तवा सोळा-सतराची आसंन. आमी महारवाड्यातली. मालकांच्या गुऱ्हाळावर माझं काम येकच. घाण्यातनं पिळून निघालेली चिपाडं उन्हात वाळवायची आन् वाळली की डोक्यावरनं चुलवाणाला न्यायची. चुलवाण म्हंजी काहिलीखालची मोठी भट्टी, जमिनीत खणलेली. तिच्या तोंडाशी खड्ड्यात बसून येक माणूस दिवसभर जाळ घालतो. आमच्या गुऱ्हाळाचा जाळ घालणारा मांगवाड्यातला हुता. त्या साली त्याला हिवताप आला आन् त्याच्या जागी त्याची बायको खड्ड्यात बसली. तिचं नाव गंगू.

गंगू माझ्याहून चार-पाच वर्सांनी मोठी. काळीसावळी, उंच, तोंडानं फटकळ. मी चिपाडाचा भारा टाकला की खड्ड्यातनं वर बघून म्हणायची, "आली का माझी सासू? घाल आणखी जाळात मला." आन् हसायची. दोघींचं कपाळ घामानं थबथबलेलं, दोघींच्या डोळ्यात धूर. दिवसभर आमी दोघीच येकमेकीशी बोलायचो. बाकीचं लोक आमच्याकडं बोट दाखवून बोलायचं. मला ती आवडायची. हे आधी सांगून ठेवते, म्हंजी पुढचं नीट कळंल.

रस द्यायचा तो दुपारी, मालकीणबाय स्वता द्यायची. आधी मला, मग गंगूला. दोघींना ओंजळीत. पाण्याची मात्र आमची वेगळी बादली. ती पाटातनं भरून आणायचं काम माझं, आन् तिला हात लावायचा हक्क बी माझा. गंगूनं त्या बादलीला शिवायचं न्हाय. तिला तहान लागली की मी डब्यानं वरून वतायची. हे मला कुणी शिकवलं न्हाय. आईनं तसंच केलेलं, आजीनं तसंच. पाण्याला जसा उतार आसतो तसं ते वाटायचं.

मालक माणूस शिकलेला. रोज पुण्याचा पेपर यायचा, येक दिवस शिळा. खाटेवर बसून मोठ्यानं वाचायचे. कुठं तरी समुद्रापल्याड दोन देश भांडत्यात, बाँब टाकत्यात, पोरंबाळं मरत्यात. वाचून झालं की चष्मा काढून म्हणायचे, "माणसाला माणूस नको झालाय. कसं व्हायचं ह्या जगाचं?" त्यांचा आवाज खरंच जड व्हायचा. मी चिपाडं उलटीपालटी करत ऐकायची आन् मला बी वाईट वाटायचं, त्या लांबच्या पोरांसाठी.

मग येका बाजारच्या दिवशी माझा थोरला भाऊ मला बारामतीला घेऊन गेला. दादा सातवी शिकलेला, आमच्या लोकांच्या सभांना जायचा. लिंबाखाली दोन-तीनशे माणूस बसलेलं. बाया बी हुत्या. येक पोरगेलासा माणूस उभा राह्यला. म्हणला, "वरून वतलेलं पिऊ नका. ओंजळ म्हंजी भीक. आजपास्नं ओंजळ बंद." मला वाटलं, ह्याला कसं कळलं माझ्या चोळीत रस गेलेला? परत येताना मी दादाच्या मागं लागले आन् बाजारातनं जर्मनचा, म्हंजी ॲल्युमिनचा, पेला घेतला. पांढरा लख्ख, हलका. रस्ताभर पदराखाली धरून आणला. जन्मात पहिली वस्तू, जी नुसती माझी हुती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाय तांब्या घेऊन आली. मी बसले न्हाय. पेला पुढं धरला.

"मालकीणबाय, ह्याच्यात वता."

"आन् ओंजळीला काय झालं?"

"ओंजळ करायची न्हाय आमी आता."

काहिलीवरची माणसं हातातलं काम टाकून बघाया लागली. मालकांनी पेपरातनं डोकं वर काढलं. म्हणले, "वत गं. दिवस बदललंत." बायनं पेला भरला. वरूनच वतला, पर पेल्यात वतला. मी उभ्यानं पेले. आसा रस मी परत कधी पेले न्हाय. मालकीणबायनं पेला परत भरला आन् जाताना म्हणली, "आता भांडं आणलंच हायस तर त्या मांगिणीला बी तूच घालत जा. माझा तेवढा हेलपाटा वाचंल."

मी व्हय म्हणले. आनंदानं म्हणले, बरं का! मला वाटलं, मालकिणीनं माझ्यावर काम सोपवलं.

भरलेला पेला घेऊन मी चुलवाणापाशी गेले. गंगूनं समदं ऐकलं हुतं. डोळं चमकत हुतं तिचं. "शाब्बास गं वाघिणी!" म्हणली. "दे इकडं पेला. मी बी बघते उभ्यानं पिऊन."

मी म्हणले, "ओंजळ कर."

गंगू माझ्याकडं बघत राह्यली. मग हसली. "व्हय की. इसरलेच मी," म्हणली आन् तिनं ओंजळ केली. मी वीतभर वरून वतलं. मालकीणबाय वतायची तेवढ्याच उंचीवरून. मला मोजावं लागलं न्हाय. हाताला ठाऊक हुतं.

त्या दिवसापास्नं ती मला सासू म्हणायची बंद झाली. जाळ घालायची, खाली बघायची. मी मनात म्हणायची, फुगलीय, होईल ठीक. सभेतलं बोलणं मांगांसाठी बी आसतं, हे माझ्या डोक्यातच शिरलं न्हवतं. का शिरलं हुतं आन् मीच बाहेर ढकललं? हे मला आजवर नक्की सांगता येत न्हाय.

आठ दिवस गेलं आसतील. उन्हं कलती झाली हुती. काहिलीत रस रटरटत हुता. गुळव्याचं, म्हंजी गूळ करणाऱ्याचं, ध्यान कुठं तरी गेलं आन् फेस येकदम फुगला. काठावरनं उतू आला तो थेट चुलवाणाच्या तोंडाकडं. गंगू त्याच वक्ताला चिपाडं आत सारत हुती. दोन्ही हात पुढं. रस कोपरापतुर हातावर पडला. आन् तो पाण्यासारखा वघळून जात न्हाय, चिकटून बसतो.

ती किंचाळली तशी समदी धावली. धावली आन् खड्ड्याच्या काठावर थांबली. पाच-सहा गडी, धट्टेकट्टे. कुणी हात दिला न्हाय. गंगू आपली आपण कोपरं टेकत वर आली आन् मातीत बसली. "पाणी," म्हणली. "पाणी द्या गं कुणी."

मालक लांबनं वरडले, "पाणी द्या तिला! ती महाराची पोरगी कुठाय? तिला सांगा."

मी बादली घेऊन पळाले. हातावर पाणी वतलं, निम्मी बादली वतली. मग पेला बुडवला. ती तोंड वासून माझ्याकडं बघत हुती. मी तिच्यापुढं उभी. पेला वीतभर वर धरलेला. आन् माझ्या तोंडातनं गेलं,

"गंगे, ओंजळ कर."

तिनं दोन्ही हात वर केलं. कातडं सुटून लोंबत हुतं. तिनं हाताकडं बघितलं न्हाय. माझ्याकडं बघितलं.

"कशाची करू?" म्हणली.

तवा तरी वाकावं की नाय मी? पेला तिच्या वठाला लावावा की नाय? काय गेलं आसतं माझं? पेलाच ना? मी वाकले न्हाय. तिनं मान वर करून तोंड उघडलं आन् मी वरनं धार सोडली. नाकात गेलं, ठसका लागला. तसल्या जळक्या अंगानं ती खोकत राह्यली. आन् माझ्या पाठीमागनं मालकीणबाय गड्यांना म्हणली, "पोरगी शहाणी हाय हां. गडबडीत बी इटाळ केला न्हाय. रीतभात कळती हिला."

शाबासकी दिली तिनं मला. आधी रस चोळीत गेला तवा जेवढी लाज वाटली न्हवती, तेवढी त्या शाबासकीनं वाटली. मला गंगूपाशी मातीत खाली बसावंसं वाटलं. पर तवर गंगूचा दीर आला आन् तिला बैलगाडीत घालून इंदापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला.

गंगू जगली. उजव्या हाताची तीन बोटं येकमेकाला चिकटून वाळली. दोर वळणारं हात हुतं तिचं. मी गुऱ्हाळावर परत गेले न्हाय. महिन्यानं पेला घेऊन मांगवाड्यात गेले. आमच्या आळीतली बाई त्या वाटेला जायची न्हाय, म्हणून बाया दारात येऊन बघत राह्यल्या. गंगू भिताडाला टेकून बसली हुती. मी म्हणले, "तुज्या घागरीतलं पाणी दे मला."

ती म्हणली, "तू पाणी पेलीस म्हंजी माझी बोटं सुटत्यात व्हय?"

तिची सासू घाबरली, "नगं बाई, तुमची माणसं आमाला मारतील," म्हणली. मी आपल्या हातानं घागरीत पेला बुडवला आन् पेले. पेला तिथंच तिच्यापाशी ठेवला. गंगूनं डाव्या हातानं उचलला आन् बाहेर उकिरड्यावर फेकला. बरोबरच केलं तिनं. मला माफी मिळाली न्हाय आन् ती मिळावी आसं मी आता म्हणत बी न्हाय.

घरी आल्यावर आईनं माझं ताट वेगळं काढलं. दादा तर लालबुंद झाला. "मांगाघरी पाणी पेलीस? आळीत तोंड कसं दाखवू मी?" हा तोच दादा, लिंबाखाली टाळ्या वाजवणारा. मी म्हणले, "दादा, मालकानं आपल्याला ओंजळ करायला लावली तर तू चिडतोस. गंगूला मी लावली तवा का न्हाय चिडलास?" तो म्हणला, "त्याची आन् ह्याची बरोबरी करू नगंस." मालकीणबाय बी अगदी ह्याच सुरात बोलली आसती.

आज नातवंडं पेपर वाचून विचारत्यात, आजी, जगातली भांडणं मिटतील का गं? काही दिवशी वाटतं, कधीच न्हाय. प्रत्येकाच्या खाली कोणी तरी बसलेलं हाय आन् प्रत्येकाच्या हातात पेला हाय. लई उदास वाटतं. पर मला समद्या जगाचं काय कळतंय? मला वीतभराचं ठाऊक हाय. तेवढं अंतर माझ्याच हातानं ठेवलेलं, तेवढं माझ्याच हातानं मोडता आलं आसतं. त्याला देव लागत न्हवता, सरकार लागत न्हवतं. नुसतं वाकायचं हुतं.

गंगूचं हात भाजलं त्याच साली आमच्या आळीत बी सभा झाली. दादा म्हणला, तुझी रसाची गोष्ट सांग. मी उभी राह्यले. मालकीणबायनं कसं वतलं ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मग गंगूचं सांगितलं. कशाची ओंजळ करू, म्हणली, ते बी सांगितलं. टाळ्या थांबल्या. माणसं खाली बघाया लागली. दादा पुढून म्हणला, "बस आता खाली."

मी बसले न्हाय. त्या दिवशी न्हाय आन् नंतर बी न्हाय. जिथं जिथं मला बोलावत्यात तिथं मी आधी मालकिणीचं सांगते, मग माझं. माझं सांगितल्याबिगर खाली बसायचं न्हाय, आन् कुणी बी पुढं बसलेलं आसंल तर वाकल्याबिगर पाणी द्यायचं न्हाय. परत बोलावलं न्हाय तरी चालंल.