शेवाळरावांचा कुंचला

आमचे हे बागेच्या काचघरात माळी आहेत. तिथल्या दगडी उतारावर त्यांनी शेवाळाची गादी वाढवली आहे. सगळे त्यांना शेवाळराव म्हणतात आणि त्यांना त्याचा रागही येत नाही. राग येतो मला. लग्नापासून ऐकतेय, शेवाळाला मुळं नसतात, त्याला जपावं लागतं.

यंदा ते निवृत्त होणार. उतार हिरवागार असतानाच काचघराची किल्ली नव्या माणसाच्या हाती द्यायची, एवढाच त्यांचा ध्यास. आणि नेमकी आताच शेवाळाला बुरशी लागली. आधी नाण्याएवढं पांढरं कडं दिसतं. ते पसरत जातं आणि आतलं शेवाळ तपकिरी होऊन मरतं. ती बुरशी शेवाळ खाऊनच जगते म्हणे.

मग शेवाळ माझ्या घरात आलं. निरोगी तुकडे वेगळे वाढवायला माझ्याच बरण्या घेऊन खिडकीत मांडल्या, विचारायची पद्धत नाही. उतारावरचा पाचोळा झाडायचा मऊ कुंचला त्यांच्या खिशातच असतो. तो काढून रोज सकाळी प्रत्येक बरणीतल्या शेवाळावरून हळुवार फिरवायचे. माझ्या पाठीवरून इतक्या मायेनं कधी हात फिरला नाही.

"अहो, लेकरू आहे का ते?"

"धूळ बसते गं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक बरणी उचलली आणि न्हाणीघराच्या वरच्या झरोक्यात ठेवून दिली. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पुढे खिडकीतल्या बरण्यांत एकेक करून पांढरी कडी उमटली. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. परवा मी जळमटं काढायला स्टुलावर चढले, तर झरोक्यातली बरणी हिरवीगार. "जरा हात लावायचं सोडा त्याला," असं मी कानीकपाळी ओरडत आले ते नुसत्या वैतागानं. ते असं खरं ठरायला नको होतं.

बरणी त्यांच्यापुढे ठेवली.

"हिला कुंचला लागला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"म्हणजे उतारभर बुरशी मीच पसरवली."

त्यांनी खिशातून कुंचला काढून माझ्या हातात दिला. "लपवून ठेव. मागितला तरी देऊ नकोस. जे उरलंय ते आपलं आपण वाढू दे."

आज चहा पिताना त्यांची बोटं टेबलावरून सावकाश फिरत होती. मी भांडी तशीच टाकली आणि त्या बोटांखाली माझा हात सरकवला.