शेंड्याकडचं टोक

नारायण पेठेत एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानामागे दहा बाय बाराची एक खोली आहे. दारावर पाटी आहे : ‘विमानांचे पंख कापून मिळतील. खेळणी मिळत नाहीत. चौकशी करू नये.’ पाटी श्याम घैसास यांनी स्वतः रंगवलेली. चौकशी करू नये असं लिहिल्यावर गिऱ्हाईक नेमकी कसली चौकशी करायला येणार, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. तरी गिऱ्हाईक येतं. रिमोटवर उडणारी छोटी विमानं करणारे हौशी लोक येतात, इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं येतात, कारण असा पंख कापणारा माणूस आसपास दुसरा नाही.

माणूस म्हणायची पद्धत, एवढंच. ती माणसं दोन आहेत. दुसरी म्हणजे श्यामची धाकटी बहीण पद्मजा. पाटीवर तिचं नाव नाही.

काम ऐकायला सोपं आहे. निळ्या फोमचा ठोकळा टेबलावर ठेवायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना सनमायकाचे साचे टाचायचे, पंखाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे. लाकडी कमानीला ताणून बांधलेली बारीक तार वीज देऊन तापवायची आणि साच्यांच्या कडेवरून फोममधून हळूहळू ओढत न्यायची. लोण्यातून सुरी जावी तशी तार जाते. आधी वरची बाजू, मग खालची, की झाला पंखाचा गाभा तयार. मेख अशी, की पंख मुळाशी रुंद असतो आणि शेंड्याला निमुळता. त्यामुळे मुळाकडच्या हाताला दहा इंच जायचं असतं आणि शेंड्याकडच्या हाताला सहाच, पण दोघांनी निघायचं एकदम आणि पोचायचंही एकदम. म्हणून दोन्ही साच्यांवर बारा-बारा खुणा असतात. मुळाकडचा आकडा पुकारतो आणि दोघं आपापल्या त्या खुणेवर येतात. कोणी रेंगाळलं तर तिथला फोम जास्त वितळतो आणि पंखाला खड्डा पडतो. मग ठोकळा कचऱ्यात.

मुळाकडे श्याम, शेंड्याकडे पद्मजा, हे गेली एकोणीस वर्षं ठरलेलं. कापताना पंखा बंद, खिडकी बंद, कारण वाऱ्याच्या झुळकीनं तार थंड पडते. आणि बोलायचं नाही. आकड्यांशिवाय एक शब्द नाही. एकदा तार फोममध्ये शिरली की बारा म्हणेपर्यंत कुणालाही हात सोडता येत नाही, मग दाराची बेल वाजो की नाकावर माशी बसो. एप्रिलमध्ये त्या खोलीत उभं राहिलं की पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत जाताना मोजता येतो. पद्मजानं मोजलाय. जळक्या प्लॅस्टिकचा तो वास तिच्या केसांत इतका मुरलाय, की मंडईतली भाजीवाली तिला ‘फॅक्टरीवाल्या ताई’ म्हणते.

पंचविसाव्या वर्षी ती या टोकाला उभी राहिली, ती चार महिन्यांसाठी. आधी श्यामच्या दुसऱ्या टोकाला त्याचा एक मित्र असायचा, तो दुबईला गेला. “दुसरा मिळेपर्यंत धर,” श्याम म्हणाला होता. दुसरा शोधायला कुणीच गेलं नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी बेळगावचं स्थळ आलं. मुलगा बरा होता, हसरा होता. तिला आवडला होता हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तेव्हा स्पर्धांचा सीझन होता. “सीझन संपू दे,” श्याम म्हणाला, आणि सीझन संपेपर्यंत बेळगावकरांनी दुसरीकडे साखरपुडा उरकला. चौतिसाव्या वर्षी नाशिकला ग्रंथालयात नोकरी लागत होती. ती तिनं स्वतःच नाकारली. “माझ्यावाचून दादाचं घोडं अडतं हो,” असं ती सगळ्यांना सांगायची. तक्रार म्हणून सांगायची, पण त्यात थोडी ऐटही होती. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही गोष्ट माणसाला बेडीसारखी वाटते आणि दागिन्यासारखीही.

आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि देवरूखहून पुन्हा विचारणा आली होती. तिची कॉलेजातली मैत्रीण अपूर्वा तिथे मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. वसतिगृहाला रेक्टर हवी होती. राहायला स्वतंत्र खोली, मागे फणसाचं झाड, ऐंशी मुली. गेल्या वर्षीही अपूर्वानं विचारलं होतं, तेव्हा पद्मजानं घोड्याचंच कारण सांगितलं होतं. या वेळी अपूर्वानं फोनवर सरळ सांगितलं, “शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही, पद्मे. मलाही कमिटीला तोंड द्यावं लागतं.”

पद्मजाला जायचं होतं. किती जायचं होतं ते तिलाच नव्यानं कळत होतं. सकाळी चहा गाळताना तिला त्या न पाहिलेल्या खोलीची खिडकी दिसायची. पण श्यामला सांगायचं कधी? खोलीत बोलायचं नाही. जेवताना टीव्हीवर बातम्या. त्यानंतर तो डोळ्याला भिंग लावून साचे घासत बसायचा. सोमवारी तिनं सुरुवात केली, “दादा, अपूर्वाचा फोन आला होता.” “बरी आहे ना?” म्हणून त्यानं पॉलिश पेपर मागितला. बुधवारी ती म्हणाली, “मला जरा बोलायचंय.” तो म्हणाला, “त्या कॉलेजच्या पोरांचे सहा पंख होऊ देत.” ती गप्प बसली. एकोणीस वर्षं गप्प बसायचा सराव होता, तो असा कामी येत होता. स्वतःचा तिला भयंकर राग आला.

गुरुवारी दुपारी उत्कर्षा आली. त्या कॉलेजच्या टीमची कॅप्टन, शेवटच्या वर्षाला, बोलण्यात अर्धं इंग्रजी आणि पायात सदैव घाई. श्याम बुधवार पेठेत तार आणायला गेला होता. तयार झालेले दोन पंख पद्मजानं तिच्या हातात दिले.

“सो स्मूथ!” पंखावरून बोट फिरवत उत्कर्षा म्हणाली. “ताई, हे वजनावर केलंत ना?”

“वजनावर म्हणजे?”

“म्हणजे वेट लावून. घैसास सरांनी आमच्या वर्कशॉपमध्ये दाखवलं होतं ना, मी फर्स्ट इयरला होते तेव्हा. तारेच्या दोन्ही टोकांना दोऱ्या, त्या दोऱ्या एका आडव्या काठीला, आणि काठीला पाण्याची बाटली लटकवायची, ती खाली जाताना तार ओढते. काठीवर दोऱ्या कुठे बांधायच्या ते बरोबर काढलं की एक टोक आपोआप स्लो जातं. मग कुणी धरायलाच नको. सर स्वतः बाजूला उभे राहून चहा पीत होते. फुल जादू!”

पद्मजानं विचारलं, “शेंड्याकडे कोण होतं?”

“कोणीच नाही, ताई. तोच तर पॉइंट आहे.”

उत्कर्षा गेली. पद्मजा खुर्चीत बसून राहिली. तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला आठवत होता. श्याम कॉलेजात भाषण द्यायला चाललाय, असंच तिला वाटलं होतं. त्याचा पांढरा शर्ट तिनंच इस्त्री केला होता. पाण्याची बाटलीही तिनंच भरून दिली होती. ती भरलेली बाटली तिच्याच जागेवर लटकायला चालली होती आणि तिला पत्ता नव्हता!

ती रडली नाही. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण उगीचच होतो असं वाटलं. गेल्या वर्षी अपूर्वाला नाही म्हणताना दोन रात्री झोप लागली नव्हती. ती झोप कुणासाठी घालवली?

शुक्रवारी सकाळी दहा वाजता पाचवा पंख लागला. श्यामनं पंखा बंद केला, खिडकी लावली, वीज दिली. तार तापली. कमान उचलून दोघांनी ती साच्यांवर टेकवली.

“एक,” श्याम म्हणाला. तार फोममध्ये शिरली. “दोन.”

“दादा, तुला वजनानं कापता येतं?”

श्यामनं चमकून वर पाहिलं. एकोणीस वर्षांत या खोलीत आकड्यांमध्ये शब्द आला नव्हता. पण हात सोडता येत नव्हता. “तीन,” तो म्हणाला.

“उत्कर्षानं सांगितलं. काठी, दोऱ्या, बाटली.”

“चार. पद्मा, आत्ता नको.”

“आत्ताच. एरवी तू उठून जातोस.”

“पाच.”

“मला देवरूखला नोकरी आहे. उद्यापर्यंत हो म्हणायचंय. गेल्या वर्षीही होती. मी नाही म्हणाले, कारण तुझं अडेल.”

“सहा.” त्याचा आवाज बारीक झाला होता.

“माझ्यावाचून तुझं अडत नव्हतं, दादा. मग मी इथे कशाला उभी होते?”

सात आलं नाही. श्यामचा हात थांबला होता. त्याच्या टोकाशी फोम चरचरायला लागला, धुराची बारीक रेघ वर चढली. तो तिच्याकडे बघत होता, तारेकडे नाही. पद्मजाही थांबली होती, कारण आकड्याशिवाय पुढे जायचं तिला माहीतच नव्हतं. खड्डा पडत होता. आणखी दोन क्षण, आणि ठोकळा गेलाच असता.

“सात,” पद्मजा म्हणाली.

त्याचा हात हलला.

“आठ. नऊ.” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता. “दहा. अकरा. बारा.”

तार बाहेर आली. श्यामनं बटण बंद केलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. खिडकी उघडायचं कुणालाच सुचलं नाही.

“बेळगावच्या वेळी मला ते येत नव्हतं,” तो म्हणाला. “नाशिकच्या वेळीही नव्हतं येत. तुझी शपथ.”

“आणि आलं तेव्हा?”

“आलं तेव्हा तू एक्केचाळीस वर्षांची होतीस. म्हटलं, आता हिला सांगायचं की तुझी गरज नाही, तर ही जाणार कुठे?”

“मला विचारायचं होतंस!”

“हो.” त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिला. “तुझ्यासाठी म्हणून गप्प बसलो असं म्हणेन, पण ते काही पूर्ण खरं नाही. पद्मा, मी घरात काय बोलतो? मीठ दे, टीव्ही लाव. लोकांशी मला जमत नाही, तुला माहितीये, पाटीच बघ. दिवसभरात तुझ्याशी हे बारा आकडे तरी बोलतो. बाटलीशी काय बोलू?”

पद्मजाला वाटलं, त्यानं खोटं बोलायला हवं होतं. रागावून निघून जाणं सोपं होतं. भांडायची तिनं रात्रभर तयारी केली होती, आणि आता समोर पंचावन्नच्या घरातला, पाठीला बाक आलेला, भिंतीला टेकलेला आपला भाऊ होता. काम तिच्या हातांतून सुटलं होतं आणि आता त्याचं हे एकटेपण गळ्यात पडत होतं. तिची माया उसळून आली, आणि त्या मायेचीच तिला भीती वाटली. हीच आपल्याला इथे आणखी एकोणीस वर्षं उभी करील, हे तिला स्वच्छ दिसलं.

तिनं तिथेच, त्याच्यासमोर मोबाइल काढला. बाहेर जाऊन फोन केला असता तर तो झालाच नसता.

“अपूर्वा? हो. हो म्हणतेय मी. सोमवारी येते.” पलीकडून अपूर्वा काहीतरी आनंदानं ओरडली. “नाही गं, सर्दी झालीय जरा. ठेवते.”

श्यामनं घसा खाकरला. पंखाकडे बघत तो म्हणाला, “खालची बाजू राहिलीय.”

त्याला विचारायचं नव्हतं, तरी ते विचारणंच होतं. तिचा हात कमानीकडे गेलाही होता. तो तिनं मागे घेतला.

“वजन लाव,” ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.

टेबलाखालच्या खोक्यातून त्यानं काठी काढली, दोऱ्या काढल्या. सगळं जागच्या जागी होतं, धूळसुद्धा फारशी नव्हती. बाटली भरून आणली. दोरीची गाठ त्याला बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली, बाटली घरंगळत तिच्या पायाशी आली. चष्म्यामागचे त्याचे डोळे भरले होते आणि तिला ती गाठ अर्ध्या मिनिटात मारता आली असती. दोन्ही हात मांडीखाली दाबून पद्मजा बसून राहिली. ती गाठ मारायला उठली असती, तर सोमवारी देवरूखला गेली नसती.