आबांच्या टाचा

आमच्या गावात कुणाची कशाला निवड झाली की आधी फ्लेक्स लागतो, पेढे नंतर. आबा, म्हणजे माझे वडील, दूध संस्थेचे चेअरमन झाले, तेही बिनविरोध. चुलतभाऊ लगेच दारात हजर. "काकांचा एक झकास फोटो दे. सांजच्याला स्टँडवर बोर्ड लागला पायजे." आई आतनं म्हणाली, "घरातच फोटोग्राफर हाय. आमाला काय कमी?"

घरातला फोटोग्राफर म्हणजे मी. कोल्हापूरला विद्यापीठात फिल्म आणि फोटोग्राफीच्या पदवीचं माझं शेवटचं वर्ष चालू होतं. गावात त्याला शूटिंगचं कॉलेज म्हणतात. पावणंरावळं विचारायचे, "म्हंजे लग्नाची शूटिंग करणार व्हय?" माझं डोकंच सटकायचं. लग्नात नवरीच्या मेंदीचे फोटो काढणाऱ्यातली मी नव्हे, मी कलावंत, अशी माझी ठाम समजूत होती.

त्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी मी आबांनाच धरलं होतं. शनिवारी विभागाचा कॅमेरा घरी आणायचा आणि धार काढताना, वैरण कापताना त्यांच्या मागं मागं हिंडायचं. मॅडमनी सांगितलं होतं, चेहरा कुणीही काढतं, चेहऱ्याशिवाय माणूस उभा करून दाखवा. मग काय, मी आबांचे हात काढले, पाठ काढली, मानेवरचा घाम काढला. आबांनी कॅमेऱ्याकडं बघितलं की मी खेकसायचे, "आबा, हिकडं बघू नका म्हटलं न्हवं? सगळा फोटो वाया जातो." ते लगेच खाली बघायचे. असं बसू का, हात इथं ठेवू का, असं मात्र दरवेळी विचारायचे. एकदा म्हणाले, "जरा तोंड पण घे की गं." मी म्हटलं, घेते नंतर. एकदा म्हणाले, "काय काढलंयस ते दाव तरी." मी म्हटलं, अजून तयार न्हाईत.

त्यातला त्यांच्या टाचेचा फोटो वर्गात गाजला. नुसती टाच, भेगा पडलेली, कडेनं संध्याकाळचं ऊन. मॅडम म्हणाल्या, ही टाच नाही, जमीन आहे. पुढचे कित्येक दिवस मी हवेतच होते.

तर चुलतभाऊ आला तसा मी कॉटवर लॅपटॉप उघडला. आबा माझ्या शेजारी बसले होते, पाय खाली सोडून. मागं आई, चुलतभाऊ आणि बातमी ऐकून आलेले शेजारी. मी फोटो पुढं सरकवत गेले. हात. पाठ. म्हशीच्या पोटाला टेकवलेलं डोकं, तेही मागनं. पुन्हा हात. एवढे फोटो, आणि माझ्या बापाचं तोंड एकातही नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चुलतभाऊ म्हणाला, "अगं, ह्यात काका कुठं हायत?" मी घाईघाईनं पुढचं बटण दाबलं आणि पडदाभर टाच आली.

"हे कुठलं रान?" त्यानं विचारलं. चेष्टा नव्हती, खरंच विचारत होता.

"रान कुठलं? टाच हाय ती ह्यांची," आई म्हणाली आणि सगळे हसले. आबाही हसले. हसता हसता त्यांनी दोन्ही पाय हळूच कॉटखाली ओढून घेतले. ते फक्त मला दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोबाईल चाळून झाला. सगळ्या सेल्फींत मी पुढं आणि आबांचं कपाळ मागं. आईनं आधार कार्ड आणलं, तर चुलतभाऊ म्हणाला, "हा लावला तर गावाला वाटंल, काकांस्नी पोलीस शोधाय लागल्यात." शेवटी मी आबांना घरामागं परड्यात भिंतीपाशी उभं केलं आणि मोबाईल धरला. त्यांनी डोक्याला टोपी घातली, बटणं लावली आणि खाली बघितलं. "आबा, माझ्याकडं बघा." ते बघायचे, आणि मी बटण दाबेपर्यंत नजर पुन्हा पायाशी. इतके महिने मीच लावलेली सवय, ती एका दुपारीत कशी जाणार?

बोर्ड त्याच फोटोचा लागला. खाली शुभेच्छुकांची रांग, एकेकाचा गॉगल, एकेकाची मिशी, सगळे छाती काढून समोर बघतायत. आणि वर मधोमध चेअरमन, मान खाली घातलेले. स्टँडवर कुणीतरी म्हणालं, "चेअरमनचं काय पडलंय काय खाली?" मी एसटीत चढले आणि कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. जन्मात एकदा त्यांचा बोर्ड लागला होता आणि माझ्यामुळं त्याचं हसं झालं.

वर्षाच्या शेवटी विभागात आमचं प्रदर्शन लागलं. मॅडमनी टाचेचा फोटो सगळ्यात मोठा करून दारासमोरच लावायला सांगितला. तो नको, असं मी एकदा पुटपुटले. त्या म्हणाल्या, अगं, तोच तर तुझ्या कामाचा जीव आहे. खोटं कशाला बोलू, मलाही तो तिथंच हवा होता.

आबा आणि आई प्रदर्शनाला आले. अंगाची काहिली करणारं ऊन, आणि आबांच्या पायात नव्या पायताणात काळे मोजे. जन्मात मी त्यांना मोजे घातलेलं बघितलं नव्हतं. आई माझ्या कानाशी लागली, "सोताच आणलं बाजारातनं. म्हटले, पोरीच्या कॉलेजात जायाचं हाय."

आबा त्या फोटोसमोर हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले. तेवढ्यात मॅडम आल्या. हे माझे वडील, असं मी सांगितल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला. म्हणाल्या, "काका, फोटोशेजारी तुमचा एक फोटो घेऊ? पायातलं तेवढं काढून उभे राहता का?"

आजूबाजूची पोरं सरकून जागा करू लागली. आबांनी मॅडमकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. वर्षभर विचारायचे ना, असं बसू का, हात इथं ठेवू का, तसंच विचारलं त्यांनी.

"मोजं काढू का गं?"

मी नको म्हटलं, पण तोवर ते वाकले होते.